ओडेसाचा बिल्ला

कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत व्हर्ना स्ट्राउडचा फोन टिणटिणायला लागला. अमेरिकेतल्या टोलीडो शहरात मार्च उजाडला तरी रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग तसेच पडून होते, आणि फोनमध्ये मेलांचे. 'व्हर्ना, हे काम फक्त तुझ्यासाठी राखून ठेवलंय!' 'व्हर्ना, आज शेवटची संधी!' 'व्हर्ना, तुझं उत्तर आलं नाही, आम्ही काळजीत आहोत!'

"आज पण शेवटचीच संधी?" टेबलापलीकडून लॉइडने विचारलं. "काल रात्री पण शेवटचीच होती की."

"खा गुपचूप."

"नाही, मी म्हणतो, इतकी काळजी मार्जोरीनं पण कधी केली नाही माझी. आणि ती तर बायको होती."

लॉइड तिचा थोरला भाऊ. जन्मभर शहराची बस चालवली, बायको गेल्यावर बहिणीकडे राहायला आला, आणि तेव्हापासून सकाळच्या टोस्टबरोबर तिची थट्टा हा त्याचा नेम झाला होता. मागे एकदा 'तुमच्या ओळखीच्यांचे पत्ते द्या' अशा एका मेलला भुलून व्हर्नाने त्याचाही पत्ता कंपनीला देऊन टाकला होता. त्याने कधी एकही काम घेतलं नव्हतं, पण मेल मात्र त्यालाही अगदी तस्सेच यायचे. 'लॉइड, हे काम फक्त तुझ्यासाठी राखून ठेवलंय!' तेव्हापासून तो बहिणीवर डूख धरून होता.

व्हर्ना गुप्त गिऱ्हाईक होती. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, पदरचे पैसे टाकून सांगितलेली वस्तू घ्यायची, आणि काउंटरवरच्या माणसाने हसून स्वागत केलं का, नजरेला नजर दिली का, दुकानाचं सवलतीचं कार्ड घ्यायचा आग्रह केला का, शेवटी आभार मानले का, हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचं. घरी येऊन कंपनीला रिपोर्ट लिहायचा. आपण कोण हे दुकानात कुणालाही, कधीही सांगायचं नाही. करारात ही अट ठळक अक्षरांत होती: ओळख फोडली तर काम बंद, आणि या धंद्यातल्या बाकीच्या कंपन्यांनाही तसं कळवलं जाईल.

शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर तिने हे काम धरलं ते थोडं हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या बिलासाठी आणि बरंचसं हौसेने. दुकानदारांच्या विरुद्ध गिऱ्हाइकांच्या बाजूने आपण उभे आहोत असं तिला मनापासून वाटायचं. ते वाटणं पहिल्या वर्षातच बरंच झिजलं. कारण ही कंपनी, ओक लँटर्न म्हणे तिचं नाव, काम देताना जितकी गोड, तितकीच काम झाल्यावर खडूस. 'टेबल स्वच्छ वाटलं' असं लिहिलं तर रिपोर्ट परत: वाटलं चालणार नाही, होतं की नव्हतं ते लिहा. होतं लिहिलं तर परत: कशावरून? एकदा पावतीच्या फोटोत तिच्या अंगठ्याचं टोक आलं म्हणून अख्खी भेट रद्द. सँडविच तिच्या पोटात, पैसे तिच्या खिशातून गेलेले, आणि कंपनीने हात वर केले. वर दुसऱ्या दिवशी सकाळी मेल: 'व्हर्ना, तुझ्यासारखी माणसं आमची खरी दौलत आहेत!' दौलत! असल्या दौलतीपेक्षा घरातल्या मांजराला जास्त मान असतो.

"सोडून दे," लॉइड म्हणायचा.

"सोडून काय देऊ? मी नीट काम करते. नीट काम करणाऱ्यानं का सोडायचं?"

यावर तो दुसरा टोस्ट उचलायचा.

फेब्रुवारीत तिने पेनरॉड्समध्ये एक भेट केली होती. सूप, सँडविच आणि ताज्या पावाचं ते दुकान. शहरात त्याच्या बऱ्याच शाखा. काउंटरवर विशीतली एक सडपातळ पोरगी होती, सोनेरी वेणी, नाकात बारीक खडा. डोळे सुजलेले. तिने वर बघितलं नाही, हसली नाही, कार्डाचं विचारलं नाही, सूपचा वाडगा पुढे सरकवला आणि पुन्हा काउंटरखाली धरलेल्या फोनकडे बघायला लागली. एप्रनवर नावाचा बिल्ला होता: ओडेसा. व्हर्नाने घरी येऊन सगळं जसंच्या तसं लिहिलं. नाव ओडेसा, वय वीस-बावीस, अंगाने बारीक, सोनेरी वेणी, नाकात खडा. आणि खाली, कुणी विचारलं नसताना, एक वाक्य जास्तीचं: मुलगी रडून आल्यासारखी दिसत होती.

रात्रीत रिपोर्ट परत. तपासणाऱ्याचं नाव नाही, नुसतं 'तुमची टीम'. 'दिसत होती चालणार नाही. शिवाय बिल्ल्यावरचं नाव दिलेलं असल्यास वर्णनाची गरज नाही. मजकूर ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आहे. उद्या दुपारपर्यंत काढून टाका, अन्यथा भेट रद्द.'

व्हर्ना चिडली. चिडून पडद्याला दोन शिव्या दिल्या. आणि मग तिने ते वर्णन खोडलं, रडल्याचं वाक्यही खोडलं, आणि रिपोर्ट पुन्हा पाठवला. उरलं ते एवढंच: ओडेसा. स्वागत नाही. नजरेला नजर नाही. कार्ड नाही. आभार नाहीत.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, शुक्रवार सुरू झाले, की चर्चच्या हॉलमध्ये दुपारी तळलेल्या माशाचं जेवण असतं. लॉइड त्याची वर्षभर वाट बघतो. त्या शुक्रवारीही भावंडं रांगेत उभी होती. हॉलभर तळणाचा वास आणि घड्या घालायच्या खुर्च्यांचा खडखडाट. कोबीच्या सॅलडच्या पातेल्यामागे एक धिप्पाड काळी बाई मोठा डाव घेऊन वाढायला उभी होती. वय साठीला टेकलेलं, एका गुडघ्याला पट्टा, आणि आवाज हॉलच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा.

"तुला या वेळी इथं कसं पाहतेय मी?" रांगेतल्या कुणीतरी तिला विचारलं. "शुक्रवारी तर तुझी कामाची पाळी असते ना?"

"पाळी गेली चुलीत. घरी बसवलंय मला पेनरॉड्सनं. पुढच्या शुक्रवारी तीन वाजता बोलावलंय, दुकानातच. वरच्या ऑफिसातली बाई येणार आहे सोक्षमोक्ष लावायला."

"तुला? का?"

"कुणीतरी गुप्त गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणे! त्यानं लिहिलंय, ओडेसा विम्बरलीनं हसून स्वागत केलं नाही. अगं बाई, मी मागं भट्टीवर असते! पहाटे कोपरापर्यंत पिठात हात घालते ते दुपारी काढते. मी स्वागत करू कुणाचं, पावाचं?"

रांग हसली. व्हर्ना हसली नाही. तिच्या हातातली कागदी थाळी वाकली आणि त्यावरचा मासा कडेला घसरला.

"मग सांग ना त्यांना तसं," लॉइड म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"माणसं कमी पडली की आम्हाला कुणालाही काउंटरला उभं करतात, बाबा. त्या दिवशी मॅनेजर रजेवर. कॅमेरा नाताळपासून बंद. आणि रिपोर्टात माझं नाव लिहिलंय, झालं. देवाच्या पुस्तकापेक्षा त्यांचा त्या रिपोर्टावर जास्त विश्वास." तिने सॅलडचा डाव जोरात आपटला, आणि मग पुढे वाकून आवाज खाली आणला. तिच्या मानाने खाली, म्हणजे पुढच्या चौघांना ऐकू येईल इतका. "खरं सांगू? त्या दिवशी काउंटरवरची पोरगी रडतच आली. रात्रभर बाळाला ताप, बाळ आजीकडं, आणि घाईत बिल्ला घरी राहिला. बिल्ला नसला तर तसंच घरी पाठवतात, दिवस बुडतो. मी माझा काढला न् तिच्या छातीवर लावला. मला कोण बघतंय मागं? पाव?"

"मग हेच सांग की!"

"बिल्ला दुसऱ्याला देणं हा वेगळा गुन्हा आहे. दोघींना काढतील. पोरीकडं बाळ आहे." ती सरळ झाली. "माझ्याकडं गुडघा आहे. एप्रिलात ऑपरेशनची तारीख मिळालीय, तीन वर्षं वाट बघून. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की गुडघा गेला. त्या गुप्त गिऱ्हाइकाला देवानं शंभर वर्षं आयुष्य द्यावं, आणि रोज दातदुखी. तुम्हाला सॅलड, बाई?"

शेवटचा प्रश्न व्हर्नाला होता.

"हो," व्हर्ना म्हणाली. तिने वाकलेली थाळी पुढे केली.

गाडीत बसल्यावर तिने लॉइडला सांगितलं. त्याने लावलेला सीटबेल्ट पुन्हा काढला.

"वर्णन लिहिलं होतंस म्हणतेस?"

"लिहिलं होतं. वेणी, खडा, सगळं. काढायला लावलं त्यांनी."

"मग कळव त्यांना. दिवसभर तुला मेल करतात, एक तू कर."

इतकं सोपं ते. व्हर्नाने त्याच रात्री लिहिलं. मेल तसाच परत आला: या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. तिने दुसऱ्या मेलला उत्तर दिलं, तिसऱ्याला दिलं. 'काळजीत आहोत' म्हणणाऱ्याला दिलं. 'तुझी मैत्रीण, केली' अशी सही करणाऱ्या केली नावाच्या बाईला दिलं. सगळीकडून तेच. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जी कंपनी माणसाच्या उशाशी येऊन ओरडत असते, तिला कानच नव्हते. नुसतं तोंड. व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला या लोकांशी खरोखर बोलायचं होतं, आणि बोलायला माणूस म्हणून नव्हतं.

कराराच्या तळाशी बारीक अक्षरांत एक फोन नंबर सापडला. सोमवारी लावला, वाजत राहिला. मंगळवारी संगीत ऐकवलं. बुधवारी एक तरुण आवाज आला, उत्साहाने फसफसलेला.

"माझा पेनरॉड्सचा रिपोर्ट चुकलाय," व्हर्ना म्हणाली. बिल्ल्याबद्दल बोलायचं नाही हे तिने पक्कं ठरवलं होतं. ते बोललं की ती बाळवाली पोरगी रस्त्यावर. "नाव वाचण्यात माझी चूक झाली. म्हातारे डोळे आहेत. रिपोर्ट रद्द करा. माझे पैसे देऊ नका, सूपचे पण नकोत."

"एक मिनिट हं, मॅडम. अरे वा! या रिपोर्टला तर दहापैकी दहा गुण आहेत!"

"असतील. तो चुकीचा आहे."

"तुमचा पहिलाच दहा दिसतोय. अभिनंदन!"

"अहो, मी काय म्हणतेय? त्या रिपोर्टमुळं भलत्याच बाईची नोकरी चाललीय. मी चुकले. मी स्वतः सांगतेय."

"रिपोर्ट तिकडे स्वीकारला गेलाय, मॅडम. स्वीकारलेला रिपोर्ट आमच्याकडून उघडत नाही. आणि आमच्या नोंदीत तुमची काहीच चूक नाहीये."

व्हर्ना खुर्चीतून उठली. "माझी चूक नाही? अंगठ्याचं टोक दिसलं म्हणून माझं जेवण बुडवलंत. स्वल्पविराम चुकला म्हणून रिपोर्ट परत पाठवलात. वर्षानुवर्षं प्रत्येक ओळीत माझ्या चुका काढल्यात, आणि आज मी पदर पसरून चूक कबूल करतेय तर चूक नाही?"

"तुमचा त्रास मी समजू शकतो, मॅडम. आणखी काही मदत? तुमच्या भागात सध्या खूप छान कामं आहेत—"

तिने फोन ठेवला. ठेवला म्हणजे सोफ्यावर फेकला. तो उशीवर पडल्या पडल्या टिणटिणला: 'व्हर्ना, दहापैकी दहा! आता तू सोनेरी गिऱ्हाईक! आणखी कामं घे!'

"मग आता?" लॉइडने विचारलं.

"शुक्रवारी तीन वाजता मी जाणार."

"काम जाईल. बाकीच्या कंपन्यांतलं पण जाईल."

"जाऊ दे."

"गॅसचं बिल?"

"तू सांग."

लॉइडने डोकं खाजवलं. "मोजे घालून झोपू," तो म्हणाला. "आणि गाडी मी चालवतो. तू रागात सिग्नल बघत नाहीस."

शुक्रवारी पेनरॉड्समध्ये दुपारची गर्दी ओसरली होती. काउंटरवर तीच पोरगी होती, सोनेरी वेणी, आणि आज छातीवर स्वतःचा बिल्ला: ब्रिन. कोपऱ्यातल्या टेबलाशी ओडेसा विम्बरली बसली होती, चर्चला घालायचा चांगला कोट घालून, हात मांडीवर. तिच्यासमोर वरच्या ऑफिसातली मिसेस पेलफ्री, करड्या सूटमध्ये, पुढ्यात उघडा लॅपटॉप. लॉइड शेजारच्या टेबलावर सूप घेऊन बसला आणि आपला काही संबंध नाही अशा थाटात पाव बुडवायला लागला. व्हर्ना थेट कोपऱ्याकडे गेली.

"मी व्हर्ना स्ट्राउड. ज्या गुप्त गिऱ्हाइकाच्या रिपोर्टवरून तुम्ही या बाईंना बसवलंय, ते गिऱ्हाईक मी."

काउंटरवर एक वाडगा खणकन वाजला. ओडेसाने मान वर केली. चर्चच्या रांगेत सॅलड घेणारी बाई तिने ओळखली की नाही ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"त्या दिवशी काउंटरवर या नव्हत्या," व्हर्ना म्हणाली. "यांना मी तोवर जन्मात पाहिलं नव्हतं. नाव वाचण्यात माझी चूक झाली. रिपोर्ट चुकीचा आहे."

मिसेस पेलफ्रीने लॅपटॉपवरून नजरही हलवली नाही. "मग कोण होतं काउंटरवर?"

"ते मला सांगता यायचं नाही. माझ्या डोळ्यांचा मला आता भरवसा नाही. पण या नव्हत्या. एवढी मोठी बाई न दिसायला मी आंधळी नाही."

"मॅडम," पेलफ्री म्हणाली, आणि तिच्या आवाजात ती गार सभ्यता आली जी ऐकून माणसाला थोबाडीत परवडली असं वाटतं, "तुम्ही यांच्या कोण? नात्यातल्या? चर्चमधल्या?"

"कुणी नाही. मी गुप्त गिऱ्हाईक आहे."

"गुप्त गिऱ्हाईक कधीही आपली ओळख सांगत नाही. तो त्यांचा पहिला नियम. म्हणजे एक तर तुम्ही ते नाही, किंवा असाल तर नियम मोडणाऱ्यांतल्या आहात. दोन्हीकडून तुमच्या शब्दाला मी काय किंमत द्यावी?"

"कंपनीला फोन करून विचारा."

"केला तरी उत्तर ठरलेलं आहे. कोण गिऱ्हाईक आहे आणि कोण नाही, हे ते लोक सांगत नाहीत. त्याच गुप्ततेचे आम्ही पैसे मोजतो."

व्हर्नाचे कान तापले. म्हणजे इतकी वर्षं ती या लोकांसाठी दुकानोदुकानी सूप पीत हिंडली, संडासांचे फोटो काढले, बर्फातून गाडी हाकली, आणि आज तिला हे सिद्धसुद्धा करता येत नव्हतं की ती होती. रिपोर्ट खरा, आणि तो लिहिणारी बाई खोटी. ओडेसाने कोटाचं वरचं बटण उगाच लावलं, पुन्हा काढलं.

आणि तेवढ्यात व्हर्नाच्या पर्समध्ये फोन टिणटिणला.

सवयीने तिने तो काढला, नेहमीप्रमाणे शिवी घालून बंद करायला. पण पहिली ओळ वाचून तिचा हात थांबला. तिने तो फोन मिसेस पेलफ्रीच्या लॅपटॉपच्या कळफलकावरच ठेवला.

'व्हर्ना, तातडीचं! पेनरॉड्स, तुझ्या घराजवळची शाखा. आज पाचच्या आत. टोमॅटो सूप घे आणि काउंटरवरची व्यक्ती कार्डाचं विचारते का बघ. जादा पैसे! कुणालाही सांगू नकोस!'

मिसेस पेलफ्रीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. खाली पत्ता याच दुकानाचा होता.

"हे... हे तुम्हाला आजच आलं?"

"आज नव्हे, आत्ता. काल पण आलं होतं, परवा पण. खाली सरकवा, पन्नासेक सापडतील. फेब्रुवारीतलं पण आहे, ज्यावरून मी इथं आले होते ते."

"पण ही भेट गुप्त आहे! ही फक्त निवडक, प्रशिक्षित..." ती अडखळली. "किती जणांना जातं हे?"

"ज्यानं कुणी कधी त्यांना पत्ता दिला त्या सगळ्यांना."

"मला पण आलंय," शेजारच्या टेबलावरून लॉइड म्हणाला. त्याने सूपचा चमचा ठेवून आपला फोन उंच धरला. "'लॉइड, तातडीचं.' मी बस चालवायचो, मॅडम. सूपबद्दल मला एवढंच कळतं की हे जरा खारट आहे."

मिसेस पेलफ्रीचा चेहरा पहिल्यांदाच माणसासारखा दिसला, म्हणजे घाबरलेला. मात्र समोर बसलेल्या बाईवर अन्याय झाला म्हणून ती घाबरली नव्हती. महिन्याकाठी घसघशीत रक्कम मोजून विकत घेतलेलं गुपित भाजीसारखं गावभर ओरडून विकलं जातंय, याने ती घाबरली होती. तिने व्हर्नाच्या फोनवरच्या मेलचा फोटो काढला, लॉइडच्या फोनवरच्याही काढला, आणि मग लॅपटॉप मिटला.

"हा रिपोर्ट बाजूला ठेवता येईल," ती म्हणाली. "मिसेस विम्बरली, तुम्ही सोमवारपासून या."

"आणि विमा?" ओडेसाने विचारलं.

"चालू राहील."

"घरी बसवलेल्या दिवसांचं?"

"ते बघावं लागेल."

"आणि माफी?" व्हर्ना म्हणाली. "ती पण बघावी लागेल का? या बाईंना तुम्ही भट्टीवरून उठवलंत, जे काम त्या करतच नाहीत ते नीट केलं नाही म्हणून. निदान सॉरी म्हणा!"

"ते आमच्या पद्धतीत..." मिसेस पेलफ्रीने वाक्य पुरं केलं नाही. ती फोन कानाला लावून बाहेर पडली. काचेपलीकडे बर्फाच्या ढिगाशेजारी ती कुणाला तरी हातवारे करकरून झापत होती. तिच्या फोनला उत्तर द्यायला माणूस होता, हे व्हर्नाच्या लक्षात आलं.

ब्रिन काउंटरमागून हलली नव्हती. तिचा एक हात छातीवरच्या बिल्ल्यावर होता.

व्हर्नाला वाटत होतं की आता ओडेसा काहीतरी बोलेल. काय, ते तिने ठरवलं नव्हतं. पण गाडीत येताना तिने त्याची थोडी कल्पना केली होती, हे खोटं कशाला बोला. ओडेसा टेबलाला धरून उठली, दुखऱ्या पायावर भार न देता उभी राहिली, आणि तिच्यासमोर आली.

"म्हणजे तू होतीस ती."

हॉलमध्ये ती 'तुम्ही' म्हणाली होती.

"हो."

"माझ्या हातचं सॅलड घेऊन गेलीस, आणि तोंडातून शब्द नाही."

"हिंमत झाली नाही."

"बिल्ला वाचलास ते ठीक. वाचण्यासाठीच असतो. पण त्याच्या वरती तोंड होतं की माणसाचं. ते नाही बघितलंस?"

"बघितलं. मी सगळं लिहिलं होतं. वय, केस, आणि..." तिने आवाज उतरवला, "रडून आलीय हे पण लिहिलं होतं. त्यांनी खोडायला लावलं. नाव असलं की वर्णन नको म्हणे. नाही खोडलं तर भेट रद्द करतात. असंच करतात ते, तुम्हाला कल्पना नाही किती—"

"आणि तू खोडलंस," ओडेसा म्हणाली.

व्हर्नाचा सगळा राग, जो आठवडाभर तिच्या अंगात वाफेसारखा कोंडला होता, कंपनीवरचा, पेलफ्रीवरचा, त्या 'तुमच्या टीम'वरचा, तो तसाच होता आणि खराही होता. पण खोडणारा हात तिचा होता.

"खोडलं," ती म्हणाली.

ओडेसाने मान हलवली. चांगल्या कोटाची बटणं लावली, काउंटरपाशी जाऊन ब्रिनच्या गालावर एक हलकी चापटी मारली आणि दाराबाहेर पडली.

"चल," लॉइड म्हणाला.

गाडी सुरू व्हायच्या आत फोन दोनदा वाजला. पहिला मेल ओक लँटर्नचा: ओळख फोडल्याबद्दल तुमचं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. दुसरा, त्याच्या मागोमाग, त्याच ओक लँटर्नचा: 'व्हर्ना, तुझी आठवण येतेय! हे काम फक्त तुझ्यासाठी!'

लॉइडने वाकून वाचलं आणि खो खो हसायला लागला. व्हर्ना हसली नाही. ती काचेतून बघत होती. पार्किंग ओलांडून बसथांब्याकडे जाणारी ओडेसा मध्येच थांबली होती, गुडघ्याला आराम द्यायला, आणि वळून गाडीकडे पाहत होती. तिने नजर हटवली नाही. व्हर्नानेही नाही.

सहा वर्षांची सवय अशी एका दिवसात थोडीच जाते. रकाने आपोआप तिच्या डोळ्यांसमोर येऊन उभे राहिले. हसून स्वागत: नाही. आभार: नाहीत. नजरेला नजर: हो.

"लॉइड, थांब," ती म्हणाली. "तिला विचारू या, गाडीतून सोडू का."

"नाही म्हणेल ती."

"म्हणू दे," व्हर्ना म्हणाली, आणि दार उघडून उतरली.